वृद्धाश्रमातल्या आजोबांनी हात पिरगळला, सांभाळणाऱ्या मावशींचं मनगट मोडलं. भरपाई मिळेल का?
मिळू शकते. आजोबांना स्मृतिभ्रंश आहे, त्यात कुणाची चूक नाही, असं मॅनेजर म्हणेल. म्हणू दे. अंघोळ घालताना झालेली इजा ही कामावरचीच इजा, चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही.

पगार महिना 21,000 रुपयांच्या आत आणि संस्थेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल तर मुंबईत कांदिवलीच्या ईएसआय रुग्णालयात उपचार मोफत, शिवाय घरी बसाव्या लागलेल्या काळात पगाराच्या साधारण 90 टक्के रक्कम. नोकरीचा पहिला दिवस असला तरी. एजन्सीमार्फत लागल्या असतील तरी या विम्याच्या वर्गणीची जबाबदारी संस्थेला झटकता येत नाही.

केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असं लिहून घ्यायचा आग्रह होतो (बदनामीची भीती, दुसरं काय!), तिथे मावशींनी अजिबात ऐकू नये. ड्युटी रजिस्टरमधल्या नोंदीचा मोबाइलवर फोटो आजच काढून ठेवा.