ब्लॅकबँडेड सनफिश फ्लेक्स खात नाही, तेव्हा आधी हीटरकडे बघा

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरी ७५ लिटरच्या टँकमध्ये चार ब्लॅकबँडेड सनफिश (काळ्या पट्ट्यांचे, गोड्या पाण्यातले छोटे मासे) आणलेत, जोडीला निऑन टेट्रा हे इवले चमकदार मासे आहेत आणि हीटर २६ अंशांवर आहे. दोन आठवडे झाले तरी सनफिश फ्लेक्सना (चकत्यांच्या कोरड्या खाद्याला) तोंड लावत नाहीत आणि पट्टे फिके पडलेत. वर्णनावरून मला हे आजारपण वाटत नाही. या माशाला थंडावा लागतो, म्हणून हीटर रोज एखादा अंश कमी करत बंद करा आणि टेट्रा दुसरीकडे हलवा. ते चपळ असतात, सनफिशच्या तोंडचा घास पळवतात.

हा मासा तुमच्या घरापासून गाडीने तास-दीड तासावरचाच. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स या पाइनच्या जंगलपट्ट्यात आणि पुढे तुटक-तुटक फ्लोरिडापर्यंत तो सापडतो. मी पहिल्यांदा पाहिला तो तिथल्याच बॅट्स्टो गावाजवळ. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, खाली वाळू आणि कुजलेली पानं. तिथल्या पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) ४-५ इतका खाली असतो. गुडघाभर पाण्यातल्या झाडोऱ्यात बोटाएवढा मासा स्तब्ध उभा होता. पहिला काळा पट्टा थेट डोळ्यातून जातो, त्यामुळे डोळा पटकन दिसतच नाही. पोटाखालच्या परांची कड मात्र नारिंगी.

ते आंबट पाणी म्हणजे त्याची तटबंदी आहे. ब्लूगिल आणि लार्जमाउथ बास तिथे सहसा टिकत नाहीत. शेतातलं खत आणि वस्तीचं सांडपाणी येऊन पीएच चढला की हे मोठे मासे आत शिरतात आणि याची जागा जाते. व्हर्जिनियात तो संकटग्रस्त यादीत आहे. म्हणून कळकळीने सांगतो, आणखी हवेत म्हणून जाळं घेऊन जाऊ नका. टँकमध्ये वाढवलेली पिल्लं देणारे छंदी लोक शोधा. जर्मनीत शंभराहून जास्त वर्षं हा मासा पाळतात.

खाणं म्हणजे जिवंत डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) किंवा फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या). संध्याकाळी दिवा मंद करा आणि पिपेटने अगदी त्याच्यासमोर सोडा. तो आधी जवळ येऊन थांबतो, अंग थोडं तिरकं करून निरखतो, मग एका झटक्यात ओढून घेतो. घाई केलीत तर परत झाडात जातो.

पीएच एकदम पाडू नका, त्याने मासे जातात. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्केच पाणी बदला. त्यात आरओचं (क्षार काढलेलं) पाणी थोडं थोडं वाढवत न्या आणि वाळलेली ओकची पानं टाका. स्पंज फिल्टर पुरे.

हिवाळा मात्र द्याच. माझी पहिली सहा मी वर्षभर २४ अंशांवर ठेवली होती. माद्यांना अंडी धरली नाहीत आणि दुसऱ्या वर्षात सगळी गेली. पुढची मी डिसेंबर ते फेब्रुवारी बेसमेंटच्या खिडकीशी ठेवली, पाणी १०-१२ अंश, खाणं तीन-चार दिवसांतून एकदा. मे महिन्यात पाणी २० अंशांवर गेलं तसा नराने झाडांच्या बुडाशी शेपटीने वाळू उडवून वाटीएवढा खड्डा केला आणि अंड्यांवर पहारा धरला. मादीलासुद्धा हाकलत होता, म्हणून तिला वेगळं काढलं.

तुमच्या नळाच्या पाण्याचा पीएच आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप) मोजून कळवा, म्हणजे आरओ किती मिसळायचं ते नेमकं सांगता येईल.