मालवणला चार दिवस, स्कूबा न करता: किनारा आणि पायवाटा कशा पाहाव्यात?

तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये चार दिवस मालवणला जायचंय, बरोबर नऊ आणि बारा वर्षांची मुलं आहेत, स्कूबा-पॅरासेलिंग नकोय, पायी भटकायचंय. शिवाय सागरी अभयारण्य म्हणतात ते नेमकं आहे कुठे, त्याचं फाटक-तिकीट काही दिसत नाही.

माझं माहेर मालवणचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अभयारण्याचं. त्याला फाटक नाही. १३ एप्रिल १९८७ ला ते जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचा पद्मगड आणि त्यांच्या भोवतीचे पाण्याखालचे खडक हा त्याचा गाभा. धक्क्यावरून किल्ल्याच्या होडीत बसलात की तुम्ही त्यातूनच जात असता आणि होडीतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. किल्ला अर्थातच बघा. मुलांना दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी नक्की दाखवा. चहूकडे खारं पाणी आणि मधल्या विहिरीत गोडं, हे बघून मुलं स्वतःच प्रश्न विचारायला लागतात.

पण तुमच्या सहलीत खरी मजा ओहोटीच्या वेळी आहे. हॉटेल ठरवायच्या आधी पंचांग किंवा कालनिर्णय उघडा. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरतीची ठोकळ वेळ मिळते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. द्वितीयेला दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, द्वितीया ते चतुर्थी हे दिवस साधले तर सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान पाणी मागे गेलेलं असतं, ऊन चढलेलं नसतं आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लागूनचे दिवस असल्यामुळे पाणी खूप आतपर्यंत ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही. हा अंदाज झाला. खडकांवर उतरण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर बघाच.

पहिली सकाळ रॉक गार्डनच्या खालच्या खडकांसाठी ठेवा. लोक तिथे संध्याकाळी सूर्यास्ताला येतात, फोटो काढतात आणि जातात. सकाळी ओहोटीला तिथे कोणी नसतं. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहिलेलं असतं. एका खळग्याशी उकिडवे बसा आणि पाच मिनिटं सावली न हलवता थांबा. पहिल्या मिनिटाला नुसतं पाणी दिसतं. मग वाळूच्याच रंगाचा बोटभर मासा हलतो. खडकाला चिकटलेलं हिरवट-तपकिरी समुद्रफूल हळूहळू आपल्या पाकळ्या उघडतं. त्या पाकळ्या म्हणजे भक्ष्य पकडायचे हात, फूल कसलं, तो प्राणीच. आणि मग एक शंख चालायला लागतो.

या शंखाबद्दल मनापासून सांगायचंय. माझी मुलगी सात वर्षांची असताना आम्ही चिवल्याच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले वेचले होते. डबा भरून घरी आणला. रात्री अंधारात खुडखुड ऐकू आली, उठून बघितलं तर डब्यातले चार शंख झाकणाकडे चढत होते. आत संन्यासी खेकडे होते. त्यांचं पोट मऊ असतं, त्याला स्वतःचं कवच नसतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख ते घर म्हणून वापरतात आणि वाढले की मोठा शोधतात. आम्ही बॅटरी घेऊन त्याच रात्री किनाऱ्यावर गेलो. तीन पाण्याकडे गेले, चौथा हललाच नाही. मुलगी खूप रडली. तेव्हापासून आम्ही रिकामा शंखसुद्धा उचलत नाही, कारण तो पुढच्या कुणाचं तरी घर असतो. मुलांना वेचू द्या, वाळूवर मांडू द्या, फोटो काढा आणि तिथेच ठेवून या. प्रवाळाचा तुकडा तर अजिबात घेऊ नका. वन्यजीव कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच.

पायात चप्पल नको, घट्ट बसणारे जुने बूट घाला. खडकांवर कालवं असतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी कापते. ओहोटीला बायका कोयती घेऊन कालवं काढायला येतात. त्यांच्याशी बोला, त्यांना त्या खडकांचा कोपरा न् कोपरा ठाऊक असतो.

मोठ्या ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडापर्यंत चालत जाता येतं. वाट सुंदर आहे, पण गावातलं माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी तिकडे गप्पा मारत बसलो. किनाऱ्यावरून एक काका हाका मारत होते, "गो चेडवांनो, पाणी भरूक लागला, मागे फिरा!" आम्हाला ते कौतुकाने हात हलवताहेत असं वाटलं. निघालो तेव्हा पाणी कमरेपर्यंत आलं होतं आणि पायाखालची वाळू सरकत होती. काका पुढे येऊन एकेकीला हाताला धरून घेऊन गेले, म्हणून आज हे लिहिते आहे. ओहोटी तळाला जाण्याआधी तासभर उतरायचं आणि पाणी वळलं की लगेच निघायचं, हा नियम मुलांनाही सांगून ठेवा.

दुसरा दिवस तारकर्ली-देवबाग. तारकर्लीच्या ओल्या वाळूवर हरभऱ्याएवढ्या, त्याहून बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, मधल्या बिळापासून किरणांसारखी पसरलेली. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. भरती आली की सगळं पुसतं, पुढच्या ओहोटीला तो पुन्हा बसतो. माझी मुलगी तासभर यातच रमायची. पुढे देवबागला जमिनीची पट्टी इतकी अरुंद होते की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधलं अंतर काही मिनिटांचं. संगमावर पोहू नका, तिथली ओढ फसवी असते. डॉल्फिन बघायला होडी केलीत तर आधीच सांगा की पाठलाग नको, दिसले की इंजिन बंद करायचं. ऐकणारे होडीवाले आहेत. एकदा आमच्या होडीवाल्याने मासे जमावेत म्हणून बिस्किटं टाकली आणि नांगर थेट प्रवाळावर सोडला. मी गप्प बसले, ते आजही खुपतं. तुम्ही बोला.

तिसऱ्या दिवशी नदीपलीकडे भोगवे आणि तिथून किल्ले निवती. माझी सर्वात आवडती पायवाट हीच. टेकडीवर चढलं की झाडीत हरवलेला छोटा किल्ला आणि खाली भोगव्याचा अख्खा किनारा. लवकर निघा, नऊनंतर जांभा तापतो. पाणी भरपूर घ्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यातले उघडे सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, मार्चमध्ये करपलेले दिसतील, पण पावसाळ्यानंतर तिथेच फुलं असतात. सड्यावरची कातळशिल्पं बघायची असतील तर मालवण तालुक्यातच कुडोपी आहे. गावकरी त्या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणतात. २०२२ मध्ये कोकणातली जी कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली त्यात कुडोपी आहे. चित्रांवर बूट घालून चालू नका.

चौथा दिवस वेंगुर्ल्याला द्या. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिन नसल्याने खंड्याचा सूर मारल्याचा आवाजही ऐकू येतो. त्या स्वतः वल्हवतात आणि तिवर कुठलं, चिपी कुठली हे पानं दाखवून सांगतात.

मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडण्याचा काळ. वेंगुर्ल्याजवळ वायंगणी आणि देवगड तालुक्यात तांबळडेग इथे घरटी राखली जातात. पिल्लं सोडण्याची वेळ तिथल्या कासवमित्रांना विचारून ठरवा, ठरलेल्या दिवशी दिसतीलच असं नसतं. फ्लॅश मारू नका, हातात घेऊ नका. मुलांना हे आवडेल: ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेलं एक कासव २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडलं. रात्री किनाऱ्यावर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर त्यावर चालू नका, वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

राहायला मोठ्या रिसॉर्टऐवजी दांडी, तारकर्ली किंवा देवबागला घरगुती सोय बघा. सकाळी रापण (किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं) ओढणार आहेत का हे घरमालकाला आदल्या रात्री विचारा. रापणकर बहुतेक वेळा मुलांनाही दोरीला हात लावू देतात.

तारखा नक्की झाल्या की इथेच लिहा. त्या दिवसांच्या तिथी आणि ओहोटीच्या वेळा बघून कुठला किनारा कुठल्या सकाळी घ्यायचा ते मी लावून देते.