ट्रॅक जाहिरातीला दिला, म्हणजे मी विकला गेलो का?

प्रश्न : मी २१ वर्षांचा आहे. लॅपटॉपवर एकट्यानेच इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. माझा साडेसहा मिनिटांचा एक ट्रॅक एका एजन्सीला शीतपेयाच्या जाहिरातीसाठी हवा आहे. बाबा म्हणतात, चालून आलेली संधी सोडू नकोस. ज्यांच्यासोबत कार्यक्रम करतो ते मित्र म्हणतात, हो म्हणालास की तू विकला गेलास. काय करू?

उत्तर : प्रिय मित्रा,

दोन्हीकडची माणसं तुझ्या काळजीपोटीच बोलताहेत, पण मला दोघांचंही पुरतं पटत नाही. ट्रॅक जाहिरातीला देणं म्हणजे विकलं जाणं, असं मी मानत नाही. मात्र तो कोणाला, किती काळासाठी आणि कोणत्या अटींवर देतोस, याला फार महत्त्व आहे. तिथे डोळे मिटून सही करणं मला मान्य नाही.

मित्रांना एक सांग. हे संगीत जाहिरातींपासून कधीच सोवळं नव्हतं. अमेरिकेतल्या रेमंड स्कॉटने १९५०-६० च्या दशकांत स्वतः बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर जाहिरातींचं संगीत केलं. तिथल्याच सुझॅन चियानी या संगीतकर्तीने कोका-कोलाची बाटली उघडून ओतल्याचा आवाज सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर घडवला. जाहिरातींच्याच कामावर ती उभी राहिली आणि १९८२ मध्ये ‘सेव्हन वेव्हज’ हा स्वतःचा अल्बम तिने काढला. आज तिचं नाव या क्षेत्रातल्या आद्य कलावंतांमध्ये आदराने घेतलं जातं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मोबी या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या ‘प्ले’वरून. १९९९ मध्ये हा अल्बम आला तेव्हा सुरुवातीला फारसा खपला नाही. त्यातले सगळे, म्हणजे १८ ट्रॅक जाहिराती, चित्रपट आणि मालिकांना वापरायला दिले गेले. त्यातून तो लोकांच्या कानांवर पडत राहिला आणि खप एक कोटी प्रतींच्या वर गेला. टीकाही भरपूर झाली. मला त्या टीकेत थोडं तथ्य वाटतं. सगळेच्या सगळे ट्रॅक दिले की ऐकणाऱ्याने स्वतः शोधून काढावं असं काही उरत नाही. एखादा देणं वेगळं.

एजन्सी तुझ्यासारख्यांकडे का येते, तेही समजून घे. तुझ्या ट्रॅकला शब्द नाहीत, त्यामुळे चित्र जे सांगेल तेच संगीत म्हणतंय असं वाटतं. शिवाय तुझ्याकडे बीट (ताल), बेस (खर्जातला आवाज), सिंथ (सिंथेसायझर) यांच्या वेगवेगळ्या फाइल्स असतात, त्यामुळे कापाकापी सोपी. साडेसहा मिनिटांचे तीस सेकंद होतील तेव्हा तू तीन मिनिटं सावकाश चढवत नेलेला भाग पहिल्यांदा जाईल. ड्रॉप, म्हणजे चढत गेल्यावर ताल जोरात सुरू होतो तो क्षण, चौथ्या सेकंदालाच येईल. मधली सिंथची ओळ निवेदकाच्या आवाजासाठी खाली दाबली जाईल. हे ऐकून तुला सहन होणार आहे का, याचं उत्तर मित्र देऊ शकत नाहीत आणि बाबाही नाहीत.

आता करार. गाण्यात दोन हक्क असतात, एक रचनेचा आणि दुसरा मास्टर रेकॉर्डिंगचा, म्हणजे त्या रचनेच्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. सगळं एकट्याने केलं असशील आणि कोणत्या लेबलशी (संगीत कंपनीशी) किंवा प्रकाशकाशी करार नसेल, तर दोन्ही तुझेच. म्हणून दोन्हींचे पैसे माग. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून सॅम्पल, म्हणजे आवाजाचा एखादा तुकडा, उचललं असेल, तर त्याची परवानगी मिळेपर्यंत पुढे जाऊच नकोस. वापराचा परवाना दे, हक्क लिहून देऊ नकोस. ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असे शब्द दिसले की थांब. मुदत ठरवून घे, एक वर्ष पुरे. कोणते देश, टीव्ही की फक्त इंटरनेट, त्या काळात दुसऱ्या कोणाला ट्रॅक देता येईल की नाही, हे सगळं कागदावर हवं.

आणि ते पेय तू स्वतः पितोस का? जवळच्या माणसाला देशील का? नसशील देणार, तर रक्कम कितीही असो, नाही म्हण. डर्टी वेगास या ब्रिटिश गटाचं एक गाणं २००२ च्या सुमारास मित्सुबिशीच्या गाडीच्या जाहिरातीत आलं आणि अमेरिकेत गाजलं. त्याला पुढे ग्रॅमीही मिळाला, तरी कित्येकांच्या डोक्यात ते गाडीचंच गाणं राहिलं. असं नाव चिकटलं तर ते सहजी निघत नाही.

मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. हे काम जमलं की पुढची मागणी येते, ‘अमक्यासारखं करून दे’. मग लॅपटॉपवर नवा ट्रॅक करायला बसतानाच तीस सेकंदांचा विचार डोक्यात येऊ लागतो. जाहिरातीसाठी मुद्दाम संगीत करणं हा प्रामाणिक व्यवसाय आहे, हवा तर जरूर कर. पण ते काम आणि तुझं स्वतःचं काम यांचे दिवस वेगळे ठेव. हे पैसे नियमित येतील असंही धरू नकोस. पुढचा फोन कधी येईल याचा काही नेम नसतो.

आज एजन्सीला दोनच गोष्टी लिहून कळव. कराराचा मसुदा पाठवा, आणि अंतिम संपादन चित्रासकट ऐकून मंजुरी देण्याचा हक्क माझ्याकडे राहील. मसुदा आला की कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला दाखव आणि बाबांनाही सोबत घेऊन जा.