सिंहगड घाट जमतो, मग मनाली-लेह एकटीने जमेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी चिंचवडची, वय ३६. एमटीबी (डोंगरी सायकल) आहे, दर रविवारी सिंहगड घाट मारते. जुलैअखेर मनाली ते लेह एकटीने करायचंय, सपोर्ट गाडी नाही. ग्रुपमधले म्हणतात सात दिवस बास. घरच्यांना मी एकटी जाणार याची भीती, मला टेन्शन पायांचं. एवढे चढ जमतील का?

उत्तर: पायांचं टेन्शन सोड गं. तो रस्ता लष्कराचे ट्रक चढावेत म्हणून काढलाय, त्यामुळे सरचूच्या पुढच्या गाटा लूप्स या चढाची २१ वळणंसुद्धा सिंहगडापेक्षा सौम्यच आहेत, चढ नुसता संपत नाही एवढंच. खरी काळजी करायची ती रात्री किती उंचीवर झोपतेस त्याची. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे मनालीपेक्षाही खाली, त्यामुळे सह्याद्रीत कितीही घाट मारले तरी विरळ हवेची सवय इथे होतच नाही, आणि फिट माणूस तर उलट जास्त अडकतो कारण पाय साथ देतात म्हणून तो एका दिवसात नको तेवढा वर जाऊन बसतो.

सात दिवसांचा प्लॅन मला अजिबात पटत नाही, दहा-अकरा तरी धर. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम, हा नियम एकट्या माणसाने तर मोडूच नये. रोहतांग खिंडीवरूनच जा, २०२० ला अटल टनेल झाल्यापासून बरीचशी वाहतूक तिकडे गेलीय, आणि ३९७८ मीटरवर चढून पलीकडे कोकसरला खाली झोपायला मिळतं. पुढे जिस्पाला एक दिवस थांब. जिस्पा सुमारे ३२०० मीटर आणि सरचू जवळपास ४३००, बरेच जण हे एका दमात करतात आणि रात्रभर डोकं धरून उलट्या काढतात, म्हणून मध्ये पटसिओ आणि झिंगझिंगबार असे दोन मुक्काम घाल. झिंगझिंगबारच्या आसपासचे नाले सकाळी लवकर पार कर, दुपारी बर्फ वितळून पाणी फुगतं आणि सायकल खांद्यावर घेऊन त्यात पाय टिकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झिंगझिंगबारच्या पुढची बारालाचा खिंड ओलांडलीस की तांगलांग ला ही खिंड (५३२८ मीटर) येईपर्यंत खाली उतरायला जागाच नाही, मागे खिंड, पुढे खिंड, आणि त्रास झाला तर लगेच खाली उतरणं हाच तर उपाय असतो. म्हणून झिंगझिंगबारला डोकं दुखत असेल तर बारालाचा चढायचाच नाही, जिस्पाला परत. विरळ हवेत आधी बिघडतो तो विचार, आणि एकटी असल्यावर "अगं तू बरळतेयस" म्हणणारं कोणी नसतं, तर हे नियम घरीच ठळक अक्षरात लिहून टॉप ट्यूबवर (सायकलच्या वरच्या दांडीवर) चिकटव: डोकं दुखतंय तर वर झोपायचं नाही, सरळ रेषेत चालता येत नाही किंवा बसल्या जागी धाप लागतेय तर मिळेल त्या ट्रकने खाली. सरचूच्या पुढे पांगला लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प आहे, तिथे मदत मागायला लाजू नकोस. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांग.

घरच्यांना सांग की वाटेत ढाब्यांचे तंबू आहेत, बरेचसे घरची माणसंच चालवतात, राजमा-चावल आणि रजई मिळते, तिथेच झोप, आणि सकाळी निघताना आज कुठवर जाणार ते त्यांना सांगून निघ. मात्र फोन रोज लागणार नाही हेही आत्ताच सांगून ठेव. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घे, तरी मधले कित्येक तास रेंज नसते.

सायकलचं बोलायचं तर ब्रेक पॅडचा एक जास्तीचा जोड आणि तुझ्याच फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर (मागचा गिअर ज्यावर बसतो तो तुकडा) पुण्यातूनच घेऊन जा, तो वाकला तर दुसऱ्या सायकलचा सहसा बसत नाही.