वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या क्रमांकावर कोण?

गुवाहाटीच्या कसोटीत २६ नोव्हेंबर २०२५ रोजी भारत ४०८ धावांनी हरला आणि दक्षिण आफ्रिकेने मालिका २-० अशी जिंकली. त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत दुसरा विषयच नव्हता. बहुतेक पत्रे रागाच्या भरात लिहिलेली होती. दोन-तीन तर थेट प्रशिक्षकांना उद्देशून होती आणि बहुधा चुकून आमच्या पत्त्यावर आली होती. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळींत रोज वाद होतो. एक म्हणतो, खेळपट्ट्यांनी घात केला. दुसरा म्हणतो, संघनिवड चुकली. तिसरा म्हणतो, खेळाडूंचा फॉर्मच गेला आहे. यांपैकी बरोबर कोण? (एक वाचक, पुणे)

आपले तिन्ही मित्र एकेका सामन्यापुरते बरोबर आहेत. अडचण अशी की प्रत्येक जण आपल्या आवडीचा एक सामना धरून बसतो आणि उरलेल्यांकडे काणाडोळा करतो. म्हणून सामने एकापुढे एक मांडून पाहू.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध बंगळुरूत ढगाळ हवेत नाणेफेक जिंकून आपण फलंदाजी घेतली आणि ४६ धावांत गारद झालो. मायदेशातील ही आपली नीचांकी धावसंख्या. खेळपट्टी ओळखण्यात चूक झाली, असे कर्णधार रोहित शर्माने नंतर मान्यही केले. हा निर्णयाचा दोष होता. पुढची कसोटी आपल्या गहुंजेला झाली. तेथे मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. पण त्या सामन्यातील माझ्या डोळ्यांसमोरून न हलणारा चेंडू वळलेला नव्हताच. विराट कोहली नुकताच आला होता, एका धावेवर खेळत होता, आणि सँटनरचा खाली राहिलेला फुलटॉस आडव्या बॅटने मारायला जाऊन तो त्रिफळाचीत झाला. ज्या चेंडूचा टप्पाच पडला नाही, त्याचे खापर खेळपट्टीवर कसे फोडणार? तरीही त्याच खेळपट्टीवर वॉशिंग्टन सुंदरने ११ बळी घेतले होते, आणि बंगळुरूच्या पराभवानंतर त्याला संघात बोलावण्याचा निर्णय निवड समितीचाच होता, हेही नोंदवले पाहिजे. मग वानखेडेवर १४७ धावांचे लक्ष्य असताना आपण १२१ धावांत संपलो, एजाझ पटेलने सामन्यात ११ बळी घेतले आणि मालिका ०-३ अशी हातची गेली. २०१२ मध्ये इंग्लंडकडून हरल्यानंतर मायदेशात सलग १८ मालिका जिंकल्या होत्या. ती साखळी पुण्यातच तुटली होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्यात १२४ धावांचे लक्ष्य होते आणि आपण ९३ धावांत बाद झालो. शुभमन गिल मान दुखावल्याने दुसऱ्या डावात खेळू शकला नाही, हे खरे. पण सायमन हार्मरने त्या सामन्यात आठ बळी घेतले ते आपणच मागून घेतलेल्या खेळपट्टीवर. सामन्यानंतर प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी संघाला अशीच खेळपट्टी हवी होती असे स्पष्टच सांगितले. येथे आपला पहिला मित्र बरोबर ठरतो. मात्र गुवाहाटीला तो अडचणीत येतो, कारण तेथे खेळपट्टी उत्तम होती, पाहुण्यांनी त्यावर ४८९ धावा केल्या आणि मग आपला संघ १ बाद ९५ वरून ७ बाद १२२ झाला. बळी घेणारा मार्को यान्सन वेगवान गोलंदाज होता आणि आखूड चेंडू टाकत होता.

या सगळ्यातून माझे मत असे बनले आहे की, आपल्या फलंदाजीची उतरण बरीच जुनी आहे आणि ती इतकी वर्षे झाकली गेली होती. अश्विन आणि जडेजा प्रतिस्पर्ध्यांच्या फिरकी गोलंदाजांपेक्षा इतके सरस होते की, फिरकीला भरपूर साथ देणारी आखाडा खेळपट्टी करून आपण अडीचशे धावा केल्या तरी पुरत असत. समोरचे दीडशेत गुंडाळले जात. फलंदाजांनी दिवसभर उभे राहून खेळण्याची गरजच उरली नाही. जी गोष्ट कोणी मागत नाही ती हळूहळू हातातून जाते. पाहुण्यांकडे सँटनर, पटेल, हार्मर असे गोलंदाज आले, तेव्हा तीच खेळपट्टी आपल्यावर उलटली. ज्या खेळपट्टीवर एक चेंडू हातभर वळतो आणि पुढचा त्याच टप्प्यावरून सरळ आत येतो, तेथे फलंदाजाला एकतर पुढे सरसावून टप्प्यापर्यंत पोचावे लागते किंवा यष्टीपर्यंत मागे जाऊन चेंडू उशिरा खेळावा लागतो. आपले बरेच जण मधल्या मध्ये अडकतात, पॅडच्या पुढे बॅट ढकलतात आणि सिलीपॉइंटला झेल देतात.

प्रश्न : विदर्भाने २०२४-२५ चा रणजी करंडक जिंकला. करुण नायरने त्या मोसमात ८६३ धावा केल्या, तरी त्याला चार कसोटींत संपवले. मग रणजी खेळायची तरी कशाला? (एक वाचक, नागपूर)

आपला राग मला पटतो, परंतु त्याची दिशा थोडी बदलावी असे वाटते. निवड समितीने रणजीकडे पाहिलेच नाही, हा आरोप करुणच्या बाबतीत लागू होत नाही. रणजीतल्या धावांमुळेच तर तो आठ वर्षांनी परत आला. गडबड झाली ती पुढे. इंग्लंडमध्ये तो लीड्सला सहाव्या क्रमांकावर खेळला, एजबॅस्टन आणि लॉर्ड्सला तिसऱ्या, मँचेस्टरला संघाबाहेर बसला आणि ओव्हलला पाचव्या क्रमांकावर परत आला. आठ डावांत २०५ धावा ही काही मिरवण्यासारखी कामगिरी नाही, आणि मी त्याची वकिली करणार नाही. तरीही ओव्हलच्या हिरव्या खेळपट्टीवर पहिल्या डावात ५७ धावा करणारा तो आपला एकमेव अर्धशतकवीर होता आणि ती कसोटी आपण अवघ्या सहा धावांनी जिंकली.

असेच सर्फराझ खानचे. बंगळुरूत ४६ धावांच्या नामुष्कीनंतर दुसऱ्या डावात त्याने १५० केल्या. पुढच्या चार डावांत ११, ९, ० आणि १. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर त्याला नेले, एकही कसोटी खेळवली नाही, आणि इंग्लंडला नेलेच नाही. त्याला वगळण्याची कारणे असतीलही. वेगवान आणि उसळत्या गोलंदाजीपुढे तो किती टिकेल ही शंका अगदीच निराधार नाही. पण मग ती शंका ऑस्ट्रेलियात पडताळून पाहायची होती. पाच कसोटींच्या दौऱ्यावर नेऊन तंबूत बसवलेल्या फलंदाजाविषयी निष्कर्ष कशाच्या आधारावर काढला, हे कोणी सांगत नाही.

रणजीतल्या धावांचा अर्थ समजून घेण्याचीही एक पद्धत असते. धावा किती यापेक्षा त्या कोणत्या क्रमांकावर, कोणत्या खेळपट्टीवर आणि सामन्याच्या कोणत्या टप्प्यावर केल्या हे पाहावे लागते. जुने निवडकर्ते मैदानावर जाऊन बसत ते यासाठीच. आकडा मोबाइलवरही दिसतो.

प्रश्न : रोहित आणि विराट निवृत्त झाले नसते तर ही वेळ आली असती का? (एक वाचक, सोलापूर)

न्यूझीलंडविरुद्धच्या त्या तिन्ही कसोटी दोघेही खेळले होते. सहा डावांत रोहितच्या ९१ धावा, विराटच्या ९३. त्यानंतर ऑस्ट्रेलियात रोहितने पाच डावांत ३१ धावा केल्या आणि सिडनीच्या कसोटीत कर्णधार असूनही तो स्वतः संघाबाहेर बसला. विराटने पर्थला शतक केले, पण मालिकेतील नऊ डावांत त्याच्या एकूण १९० धावा झाल्या. मे २०२५ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने दोघांनी कसोटीतून निवृत्ती घेतली. त्या दोघांच्या थोरवीबद्दल वाद नाही. विराटच्या ९,२३० कसोटी धावा कोणी पुसू शकत नाही. मात्र उतरत्या काळातील खेळाडूची आठवण आपण त्याच्या भरभराटीच्या काळातून उचलतो आणि आजच्या तरुणाशी त्याची तुलना करतो. ती तुलना तरुणावर अन्याय करणारी आहे. याच नव्या संघाने इंग्लंडमध्ये मालिका २-२ अशी सोडवली आणि गिलने ७५४ धावा केल्या, हे गुवाहाटीच्या चारच महिने आधीचे आहे.

प्रश्न : अंतिम ११ खेळाडू निवड समितीच ठरवते ना? मग दोष अजित आगरकरांचाच. (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. पाच सदस्यांची निवड समिती संघ निवडते. त्यातून सामन्यासाठीचे ११ जण कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात. कोलकात्यात चार फिरकी गोलंदाज खेळवणे आणि वॉशिंग्टनला तिसऱ्या क्रमांकावर पाठवणे हे निर्णय म्हणूनच ड्रेसिंग रूमचे मानावे लागतात. वॉशिंग्टनने तेथे २९ आणि ३१ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात आपल्याकडून सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या, हे जाता जाता सांगतो, कारण समाजमाध्यमांवर त्याचीच टिंगल सर्वांत जास्त झाली. पुढच्याच कसोटीत त्याला आठव्या क्रमांकावर ढकलले.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. पद्माकर शिवलकरांना एकही कसोटी मिळाली नाही, हे आम्ही पाहिले आहे. आजच्या पोरांवर अन्याय होतो अशी ओरड ऐकली की हसू येते. आणि सर्वांत वाईट काळ आत्ताचा कसा? (एक वाचक, दादर, मुंबई)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपण १९७४ पाहिले आहे. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी मालिका जिंकून आलेला अजित वाडेकरांचा संघ तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये ०-३ असा हरला, लॉर्ड्सला ४२ धावांत बाद झाला, आणि वाडेकरांची कारकीर्द त्या दौऱ्याबरोबर संपली. ज्यांची फुलांच्या हारांनी मिरवणूक निघाली होती त्यांच्याविषयी तेव्हा काय बोलले गेले, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक आठवत असेल. त्या मानाने आजची भाषा फार वेगळी नाही, फक्त ती चोवीस तास ऐकू येते.

शिवलकरांविषयी मात्र आपल्याशी थोडा वाद घालतो. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊन ते बाहेर राहिले, कारण त्याच काळात त्यांच्याच डावखुऱ्या फिरकीच्या शैलीचा बिशनसिंग बेदी संघात होता. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले तेव्हा अनेकांनी हेच लिहिले. अमोल मुझुमदारच्याही प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा झाल्या. पण त्याच्यापुढे तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण उभे होते. (त्याच मुझुमदारच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, हा त्या दुःखी महिन्यातला एकमेव आनंद.) त्या दोघांसाठी दार बंद होते, कारण आत खरोखर जागा नव्हती आणि ती कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक होते. आजची गोष्ट निराळी आहे. तिसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी आहे, कित्येकांना तिच्यावर आळीपाळीने बसवून उठवले आहे, आणि पुढचा दाराबाहेर आपल्यात काय कमी आहे असे विचारतो आहे. मुझुमदारला उत्तर माहीत होते. याला ते कोणी देत नाही.

प्रश्न : टीका सगळेच करतात. आपण निवड समितीत असता तर नेमके काय केले असते? (एक विद्यार्थिनी, सातारा)

एकच गोष्ट : तिसरा क्रमांक. चेतेश्वर पुजाराला जून २०२३ नंतर वगळले, तेव्हापासून त्या जागी गिल आला. बंगळुरूला कोहली गेला आणि शून्यावर बाद झाला. पर्थला देवदत्त पडिक्कल, मेलबर्नला के. एल. राहुल, इंग्लंडमध्ये साई सुदर्शन, मग करुण, मग पुन्हा सुदर्शन, कोलकात्यात वॉशिंग्टन, गुवाहाटीत परत सुदर्शन. अडीच वर्षांतला हा हिशेब आहे. पुजाराने २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात ५२१ धावा करण्यासाठी १,२५८ चेंडू खेळले होते आणि ती मालिका, तिथली आपली पहिली, आपण जिंकली. त्याच्या संथपणाला कंटाळणारे तेव्हाही होते, मीही त्यांत असे. पण चेंडू जुना होईपर्यंत तो उभा राहायचा आणि त्याच्यामागच्या चौघांचे काम निम्मे व्हायचे, हे तो गेल्यावर कळले.

तेव्हा मी सुदर्शनला सांगितले असते की, पुढच्या दहा कसोटी ही जागा तुझी. २०२७ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया पाच कसोटींसाठी येईल, ती मालिका संपेपर्यंत तुला कोणी हलवणार नाही. त्याची आजची सरासरी पाहता हा जुगार आहे, हे मला मान्य आहे. तो नको असेल तर पडिक्कलला सांगा, पण एकालाच सांगा. माझी पसंती सुदर्शनला का, तेही सांगतो. गुवाहाटीच्या पहिल्या डावात आपल्याकडून सर्वाधिक चेंडू खेळला तो नवव्या क्रमांकावरचा कुलदीप यादव, १३४ चेंडूंत १९ धावा. दुसऱ्या डावात, सामना केव्हाच हातातून गेलेला असताना, सुदर्शन १३९ चेंडू उभा राहिला आणि त्याने फक्त १४ धावा केल्या. त्या १४ धावांवर बरेच विनोद झाले. मी मात्र शेवटच्या दिवशी त्याचा मागचा पाय तेवढा बघत होतो; हार्मरने टप्पा किंचित आखूड ठेवला की तो पाय यष्टीपर्यंत मागे जात होता आणि चेंडू बॅटवर येईपर्यंत तो थांबत होता.