वयात येतानाचे वागणे आणि पुढचे आयुष्य

प्रश्न : माझा अकरावीतला मुलगा वर्षभरापासून तास बुडवतो, खोटे बोलतो. तो पुढेही असाच राहील का?

उत्तर : न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास त्यांच्या तिसऱ्या वर्षापासून चालू आहे. त्यातील संशोधक टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडले, की लहानपणापासून सतत आक्रमक असणारी मुले थोडीच असतात, तर किशोरवयात नियम मोडू लागलेली बहुतेक मुले पुढे मार्गी लागतात. मात्र व्यसन किंवा अर्धवट सुटलेले शिक्षण ही वाट अडवते. म्हणून काहीही झाले तरी त्याचे कॉलेज सुटू देऊ नका.