जर्मनीत एमएससाठी जाताना महिना ३० युरोंची खासगी पॉलिसी घ्यावी की सरकारी आरोग्य विमा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, ऑक्टोबरपासून जर्मनीत एमएस, थायरॉइडची गोळी रोजची. एजंट म्हणतो, सरकारी विम्याचे १४५ युरो कशाला घालवता, ३० युरोंत खासगी पॉलिसी मिळते, विद्यापीठ चालवून घेतं.

सरकारी घ्या. वय २३-२४ असतं आणि दुखणंखुपणं काही नसतं तरी मी हेच सांगितलं असतं, फक्त इतक्या ठामपणे नसतं. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत, ती गोळी आणि २९ हे वय. एजंटने दोन्हींबद्दल चकार शब्द काढलेला दिसत नाही.

आधी ते १४५ येतात कुठून ते बघा. विद्यार्थ्याचं खरं उत्पन्न काहीही असो, २०२५ च्या हिशोबात ते महिना ८५५ युरो धरलं जातं. त्यावर १०.२२ टक्के मूळ हप्ता, म्हणजे ८७ युरो. त्याच ८५५ वर प्रत्येक क्रांकेनकासे (सरकारी चौकटीतल्या विमा संस्थेला तिकडे हेच म्हणतात) आपला जादा टक्का लावते, २०२५ मध्ये साधारण अडीचच्या आसपास, म्हणजे २१ युरो. शिवाय शुश्रूषा विमा (दीर्घ आजारपणात किंवा म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीचा, तोही सक्तीचा): वय २३ च्या पुढे आणि मूल नसेल तर ४.२ टक्के, ३६ युरो. कुठली क्रांकेनकासे घ्यावी यावर मुलं रात्र रात्र चर्चा करतात, पण फरक पडतो तो त्या मधल्या २१ युरोंत. उपचार जवळपास सगळीकडे तेच. जिचा माणूस फोनवर इंग्रजीत नीट बोलतो ती घ्या आणि झोपा.

रक्कम टोचते, कबूल. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) महिन्याला ९९२ युरो सुटणार आणि त्यातला सातवा हिस्सा विम्यात. माझ्या वेळी हप्ता कमी होता, तरी मला टोचायचाच. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाने म्हणूनच स्वस्तातली पॉलिसी घेतली होती. त्याला लहानपणापासून दमा. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री त्याला श्वास घेववेना, आम्ही ११२ ला फोन केला, तो दोन दिवस दवाखान्यात राहून ठणठणीत परत आला. महिन्याभराने बिल आलं, चार आकडी. त्याने ते विमा कंपनीकडे पाठवलं, तिकडून एक फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, 'लक्षणं पहिल्यांदा कधी दिसली?' पोरगं सरळ. त्याने लिहिलं, 'तिसरीत असताना.' त्या दोन शब्दांवर दावा फेटाळला गेला, कारण पॉलिसी सुरू होण्याआधीचा कुठलाच आजार त्यात धरलेला नव्हता. पॉलिसीच्या कागदावर ते छापलेलंच होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. हप्त्याहप्त्याने फेडले पैसे.

तुमची थायरॉइडची गोळी याच सदरात जाते. गोळी स्वस्त आहे हो, पण दर काही महिन्यांची रक्त तपासणी, डॉक्टरची फी आणि उद्या त्यातून काही निघालंच तर ते सगळं तुमच्या खिशातून. सरकारी विम्यात आधीचा आजार विचारून कोणी दार लावत नाही आणि हप्ताही वाढवत नाही.

आता एजंटचं 'विद्यापीठ चालवून घेतं'. हे अर्धं खरं आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाला तुमच्या पॉलिसीचा पीडीएफ नको असतो. एखाद्या क्रांकेनकासेकडून त्यांना थेट ऑनलाइन संदेश जावा लागतो, ज्याला सगळे 'एम-टेन' म्हणतात. तुम्ही सरकारी विमा घेतला तर त्यात 'विमा आहे' असं कळवलं जातं. खासगी घेतला तरी जावं लागतं क्रांकेनकासेकडेच, आणि मग ते कळवतात की या व्यक्तीला सक्तीच्या विम्यातून सूट दिली आहे. या सुटीला बेफ्रायुंग म्हणतात. मुलं तो अर्ज एजंटने पाठवलेल्या पाच-सहा कागदांबरोबर सही करून टाकतात. ही सूट विमा लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मागावी लागते, आणि एकदा मिळाली की शिक्षण संपेपर्यंत परत करता येत नाही. माझ्या शेजाऱ्याने दम्याच्या बिलानंतर सगळीकडे विचारून बघितलं. १४५ काय, जास्त भरायलाही तो तयार होता. उत्तर एकच, नोकरी लागेपर्यंत नाही.

नोकरी लागली की मात्र रस्ता उघडतो, हे एजंटच्या बाजूने सांगायला हवं. वर्षाला ७३,८०० युरोंच्या आत पगार असेल (हा २०२५ चा आकडा, दर वर्षी बदलतो) तर कर्मचारी म्हणून सरकारी विमा सक्तीचाच, आणि हप्त्याचा अर्धा वाटा मालक भरतो. पण पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये जो काळ जातो त्याचं काय? नोकरी शोधायला तिकडे १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. मला सात महिने लागले. मी आधीपासून सरकारी विम्यात होते म्हणून तोच पुढे चालू राहिला, महाग झाला, पण राहिला. शेजारी तेवढे महिने दर वेळी नवी तात्पुरती पॉलिसी शोधत होता.

वयाचा मुद्दा तुम्ही नीट वाचा, कारण तो फक्त तुमच्यासाठी आहे. विद्यार्थ्यांचा सवलतीचा हप्ता वयाच्या तिशीपर्यंतच. ज्या सेमिस्टरमध्ये ३० पूर्ण होतील त्या सेमिस्टरअखेर तो संपतो. त्यानंतर तुम्ही आत असाल तर सदस्यत्व आपोआप पुढे चालू राहतं, फक्त हप्ता अडीचशे युरोंच्या पुढे जातो, तेव्हा बजेटमध्ये ते आत्ताच धरा. पण तिशी उलटल्यावर भारतातून थेट विद्यार्थी म्हणून आलेल्याला सरकारी विम्यात शिरताच येत नाही, मग चांगली किंवा वाईट, खासगीच घ्यावी लागते. तुम्हाला आत जायला मिळतंय ते काही महिन्यांच्या फरकाने. तुमच्यासोबत जोडीदार येणार आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. येणार असेल आणि त्याला स्वतःची कमाई नसेल, तर तुमच्या हप्त्यात एक युरोही न वाढता त्याचाही विमा होतो. खासगीत प्रत्येक डोक्यामागे वेगळी पॉलिसी.

दुसऱ्या वर्षी, एका रविवारी, ओल्या ट्रामच्या रुळात माझ्या सायकलचं चाक अडकलं आणि मी मनगटावर पडले. रिसेप्शनवरच्या बाईंनी नावाच्याही आधी विचारलं, 'गेझेट्सलिश ओडर प्रिवाट?' सरकारी की खासगी. मी डाव्या हाताने पाकीट पुढे केलं, त्यांनीच त्यातून कार्ड काढून यंत्रात घातलं. पैशांचा विषय तिथे संपला. मनगटात प्लेट बसली, तीन दिवस राहिले. पुढे पोस्टाने पत्र आलं: दवाखान्याचे रोजचे १० युरो, म्हणजे ३०, आणि रुग्णवाहिकेचे १०. जोडीला क्रांकेनकासेची प्रश्नावली, की तुम्हाला कोणी पाडलं का. म्हणजे त्यांना त्याच्याकडून वसूल करता आलं असतं. मी प्रामाणिकपणे 'रूळ' असं लिहिलं.

सरकारी विम्यात सगळं मिळतं असंही नाही. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मिळायला मला अडीच महिने लागले, खासगीवाल्यांना ती लवकर मिळते हे उघड गुपित आहे. प्रौढांच्या चष्म्याचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत. दाताच्या कॅपला ठरलेल्या साध्या उपचाराच्या साधारण ६० टक्के मिळतात, उरलेले तुमचे, आणि ते उरलेलेच जड जातात. म्हणून दात तपासून, भरून, दोन चष्मे करून मगच विमानात बसा. सुट्टीत भारतात आलात तर हे कार्ड तिथे चालत नाही, तेवढ्या दिवसांचा प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो. युरोपीय संघातल्या देशांत मात्र कार्डाची मागची बाजू कामाला येते, तेच युरोपीय आरोग्य विमा कार्ड असतं.

एजंटच्या ३० युरोंच्या पॉलिसीला एक योग्य जागा आहे. तुमचा सरकारी विमा सेमिस्टर सुरू होताना, म्हणजे लवकरात लवकर १ ऑक्टोबरला लागू होईल. तुम्ही १०-१२ सप्टेंबरला पोहोचलात तर मधले तीन आठवडे तुम्ही उघड्यावर. त्या काळासाठी किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा प्रवास विमा घ्या, व्हिसाच्या फाइललाही तो लागतो. प्रवेशाची नोंदणी रखडू शकते, तेव्हा मुदत ऑक्टोबर अखेरपर्यंत ठेवा. ब्लॉक्ड अकाउंट उघडून देणाऱ्या काही कंपन्या सरकारी विम्याच्या अर्जासोबत हा प्रवास विमा फुकट देतात. आधी तिथे विचारा, मग पैसे मोजा.

आणि एजंटने कागदांचा गठ्ठा पाठवला असेलच. त्यात बेफ्रायुंगचा अर्ज आहे का ते आजच बघा. असेल तर सही न करता बाजूला ठेवा. गोळीसाठी डॉक्टरकडून औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी घ्या, तीन महिन्यांचा साठा सोबत ठेवा. तिकडे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोधून नाव नोंदवा, कारण 'नवीन पेशंट घेत नाही' हे वाक्य तुम्हाला दोन-तीन दारांवर तरी ऐकायला मिळेल.